खडपाची नोंदवही : शाळेच्या मुलांसोबत किनाऱ्याची मोजणी सुरू करताना

किनाऱ्यासाठी काहीतरी करायचं ठरलं की बहुतेक मंडळं साफसफाई मोहिमेने सुरुवात करतात, नाहीतर कांदळवनाची रोपं लावायला धावतात. साफसफाई वाईट नाही, पण पुढच्या उधाणाला कचरा परत येतो आणि वर्षअखेर हातात फोटोंपलीकडे काही उरत नाही. रोपांचं तर त्याहून वाईट. जिथे मुळात कांदळ उगवत नव्हतं अशा पुळणीवर किंवा उघड्या चिखलावर लावलेली रोपं बहुतेक मरतात, आणि जगली तर तिथल्या तिसऱ्या-मुळ्यांची (शिंपल्यांची) जागा खातात.

आम्ही सुचवतो ते काम यापेक्षा लहान आणि कंटाळवाणं आहे : गावातल्या खडपाचा, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळाचा, एक तुकडा ठरवायचा आणि दर महिन्याला, ठरावीक ओहोटीला, एकाच पद्धतीने त्यावरच्या प्राण्यांची आणि शेवाळाची मोजणी करायची. सातवी ते नववीची पंधरा-वीस मुलं, तीन-चार मोठी माणसं आणि घरी बनवलेली चौकट एवढ्यावर हे जमतं. पुढची माहिती कोकण किनाऱ्यासाठी, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कातळी भागांसाठी आहे.

जागा

साधारण 50 ते 60 मीटर लांबीचं, हळूहळू उतरत जाणारं खडप निवडा. त्यात चार-पाच डबकी असावीत, थोडे हलणारे दगड असावेत आणि जमिनीकडे परतायची वाट कुठल्याही घळीतून जाणारी नसावी. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कोकणात अशी कितीतरी खडपं आहेत जिथे भरतीचं पाणी समोरून यायच्या आधी मागच्या घळीत शिरतं, आणि समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला ते कळतच नाही. म्हणून मुलांना नेण्याआधी एकदा तिथे रोज जाणाऱ्या माणसासोबत पूर्ण ओहोटी ते अर्धी भरती थांबून पाणी कसं फिरतं ते बघा. कालवं फोडायला जाणाऱ्या बायकांना हे जितकं ठाऊक असतं तितकं दुसऱ्या कुणालाच नसतं. कुठला दगड आधी बुडतो, कुठे शेवाळ निसरडं असतं, पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) कुठे दडतं, हे सगळं त्यांना विचारा. मोजणीची कल्पनाही आधी त्यांना सांगा, कारण ती त्यांची रोजीरोटीची जागा आहे. वीस मुलं तिथे का उतरली हे त्यांना दुसऱ्याकडून कळू नये.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रं आणि ग्रामपंचायतीला एक पत्र एवढं कागदी काम पुरतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालेलं आहे. तिथे किंवा दुसऱ्या संरक्षित भागात काम करायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.

वेळ

इथे नवखे सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

गावाकडचा जुना हिशोब अजूनही चालतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. रोज वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.

आता यातून निघणारी गोष्ट बघा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. म्हणजे दुपारी बाराची ओहोटी ही नेहमी भांगाची, उथळ ओहोटी असते. खालचा पट्टा उघडा पाडणारी खोल सुकती (ओहोटी) उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत येते, आणि तेव्हा ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असते. शाळेच्या वेळेत, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास, खडप कधीच पूर्ण उघडं पडत नाही. "अकरा वाजता मुलांना घेऊन येतो" असं ठरवणारे शिक्षक गुडघाभर पाण्याकडे बघून परततात ते यामुळेच.

शिवाय सर्वांत खोल ओहोटी नेमकी पौर्णिमा-अमावास्येला न येता एक-दोन दिवसांनी येते. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सोयीचे. ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उजेड असतो आणि मुलं दहा-साडेदहापर्यंत शाळेत पोचतात. अमावास्येची सहाची ओहोटी हिवाळ्यात अंधारात जाते, तिचा मोह नको.

तिथीचा हिशोब फक्त दिवस ठरवण्यासाठी. त्यात अर्धा-पाऊण तास सहज इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजातून घ्या. बंदर आपल्या सर्वांत जवळचं निवडा. मुंबईचा तक्ता घेऊन देवगडला गेलात तर वेळही चुकते आणि उंचीही, कारण उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. तक्त्यात दिवसाच्या दोन ओहोट्यांची उंची वेगळी दिसेल. ज्या दिवशी सकाळची ओहोटी जास्त खोल आहे तो दिवस धरा आणि पुढच्या सगळ्या मोजण्या साधारण तेवढ्याच उंचीच्या ओहोटीला करा. उंच लाटांचा इशारा असेल तर मोजणी रद्द. त्यावर चर्चा नाही.

पाणी परतताना एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक. चढ 3 मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी 25 सेंटिमीटरच येतं आणि सगळे निर्धास्त होतात. तिसऱ्या तासात तेच 75 सेंटिमीटर येतं. म्हणून ओहोटीच्या एक तास आधी उतरायचं, खालच्या पट्ट्यापासून सुरुवात करून पाण्यासोबत वर सरकायचं आणि ओहोटीनंतर पाऊण तासात सगळ्यांनी वरच्या पट्ट्यात असायचं. एका मोठ्या माणसाने मोजणीत भाग घ्यायचा नाही. त्याने फक्त पाण्याकडे आणि घड्याळाकडे बघायचं, गळ्यात शिट्टी.

चौकट

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे आणि चार एल्बो. आतली मोकळी जागा बरोबर 50 × 50 सेंटिमीटर आली पाहिजे. पाइप 50 सेंटिमीटरचा कापला तर एल्बोमुळे आतलं माप बदलतं, म्हणून आधी न चिकटवता जोडून, आतून मोजून, मग चिकटवा. पाइपाला चारी बाजूंनी बारीक भोकं पाडा. आत हवा कोंडलेली चौकट डबक्यात तरंगते आणि एका जागी राहत नाही.

दर 10 सेंटिमीटरवर भोक पाडून जाळ्याची नायलॉन दोरी उभी-आडवी ओवा. चार उभ्या, चार आडव्या दोऱ्यांनी 25 घरं तयार होतात. प्रत्येक घर म्हणजे चौकटीचे 4 टक्के. सुतळी वापरू नका, ओली झाली की आखडते आणि चौकट वाकडी होते. चार मुलांच्या गटाला एक चौकट पुरते.

बाकी सामान : 20 मीटरचा टेप, फळी आणि चिमटा, शिसपेन्सिली (बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही), पारदर्शक पिशव्यांत घातलेले छापील तक्ते, पांढरा पसरट ट्रे, पाण्याचं तापमान घ्यायला साधा थर्मामीटर, प्रथमोपचार पेटी आणि थर्मासभर गरम पाणी. गरम पाणी चहासाठी नाही, त्याबद्दल पुढे. प्रत्येकाच्या पायात बंद बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात आणि कालवांची धार तळपाय कापते.

आदल्या दिवशी शाळेत

ही तालीम टाळू नका. पटांगणात चौकट ठेवा, आत मोजून 137 चिंचोके पसरा आणि आकडा कुणाला सांगू नका. मुलांना आधी अंदाज करायला लावा, मग मोजायला. अंदाज 60 पासून 300 पर्यंत येतात आणि "बघून सांगितलं" याला किंमत का नाही हे भाषण न देता कळतं. मग काठाचा नियम शिकवा : वरच्या आणि डाव्या काठावर बसलेला प्राणी धरायचा, खालच्या आणि उजव्या काठावरचा सोडायचा. हा नियम नसला की प्रत्येक गट काठावरचे सगळे धरतो आणि आकडा दर वेळी फुगतो.

तिसरी गोष्ट शून्याची. चौकटीत एकही समुद्रफूल (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी) नसेल तर रकान्यात 0 लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे "बघितलंच नाही". सहा महिन्यांनी वही उघडल्यावर रिकाम्या जागेचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, आणि अशा नोंदी सरळ बाद कराव्या लागतात.

खडपावर

खडपाचे तीन पट्टे डोळ्यांनी ओळखता येतात. वर, जिथे फक्त शिंतोडे पोचतात तिथे, भेगांत दडलेले बारीक शंख आणि जवळपास उघडा कातळ. मध्ये बार्नेकल (कातळाला चिकटलेले कवचाचे बारीक प्राणी) आणि कालवांचा खरबरीत थर. खाली, जे फक्त उधाणाच्या सुकतीला उघडं पडतं तिथे, शेवाळं, स्पंज, समुद्रफुलं आणि रबरी गालिच्यासारखे झोअँथिड. प्रत्येक पट्ट्यात किनाऱ्याला समांतर 20 मीटर टेप अंथरा आणि त्यावर पाच चौकटी. एकूण पंधरा.

चौकट कुठे ठेवायची हे मुलांनी ठरवायचं नाही. चांगलं काहीतरी दिसलं की हात तिकडेच जातो, आणि मग वहीत सगळं खडप समुद्रफुलांनी भरलेलं निघतं. घरूनच 0 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या काढून न्या. 7 आला तर टेपच्या 7 मीटरवर, मग तिथे उघडा दगड असला तरी. टेपची सुरुवात दर महिन्याला एकाच जागी हवी. कातळावर रंग फासू नका, खिळे ठोकू नका. ओळखीचा मोठा दगड आणि मागे दिसणारं झाड किंवा देऊळ एका रेषेत धरून फोटो काढून ठेवा. मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो, त्यामुळे तो एकटा पुरत नाही.

प्रत्येक चौकटीचा क्रम असा. आधी सरळ वरून एक फोटो, कुणाची सावली न पडू देता, चौकटीच्या क्रमांकाची पाटी आत ठेवून. मग जे पसरून वाढतं, म्हणजे शेवाळ, स्पंज, झोअँथिड, त्यासाठी अर्ध्याहून जास्त भरलेली घरं मोजा आणि 4 ने गुणा. 9 घरं भरली तर 36 टक्के. जे सुटं मोजता येतं, शंख, खेकडे, समुद्रफुलं, ते एकेक मोजा. बार्नेकलसारखं शेकड्याने असेल तर चार कोपऱ्यांची आणि मधलं अशी पाच घरं मोजून बेरजेला 5 ने गुणा. कुठली पाच हे आधीच ठरलेलं असावं, नाहीतर मुलं सर्वांत रिकामी घरं निवडतात. (मोठेही निवडतात.)

नावांचा हट्ट नको. तक्त्यात "काळा टोकदार शंख", "हिरवं चपटं शेवाळ" असे दहा-बारा गट ठेवा आणि शेजारी गावातलं नाव. शिनाणे, कालवं, कुर्ल्या, निवट्या ही नावं मुलांना घरूनच येतात. शास्त्रीय नाव जाणकाराने खात्री केल्यावरच लिहा. चुकीचं लॅटिन नाव वहीत गेलं की ते पुढच्या तुकड्या इमानेइतबारे उतरवत राहतात. ओळख पटत नसेल तर वरून, बाजूने आणि शेजारी पट्टी ठेवून असे तीन फोटो काढून आयनॅचरलिस्ट या सजीवांची ओळख पटवून देणाऱ्या संकेतस्थळावर टाका.

दगड उलटायचा तर एका हाताने सहज हलेल एवढाच. हळू उचला, खाली बघा आणि तोच दगड त्याच जागी त्याच बाजूने ठेवा. खालच्या बाजूचे प्राणी ओल आणि सावलीवर जगतात, वरच्या बाजूचं शेवाळ उजेडावर. दगड उलटा सोडला तर दोन्ही मरतात. वीस मुलांनी एका सकाळी पाच-पाच दगड उलटे टाकले तर मोजणीने जे कळायचं ते मोजणीनेच बिघडतं. ट्रेमध्ये घेतलेला प्राणी समुद्राच्याच पाण्यात, सावलीत, दोन-तीन मिनिटं, आणि परत त्याच डबक्यात. घरी काहीही न्यायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही. त्यात शंखातला खेकडा राहायला येतो, आणि प्रवाळ, समुद्रकाकडी, काही जातींचे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे.

काय चावतं, काय डसतं

शंकूच्या आकाराचे शंख उचलायचे नाहीत, त्यांच्यात विषारी दात असतो. झोअँथिडला हात लावून डोळे चोळायचे नाहीत, काहींच्या चिकट स्रावात विष असतं. वाहून आलेला समुद्रसर्प मेल्यासारखा दिसला तरी लांबूनच बघायचा. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर किनाऱ्याला लागतात. वाळूत सुकलेल्याचेही दोरे डसतात.

पाकट वाळूत अंग पुरून बसतं. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांचे डंख झाले होते, तेही पायाखाली आल्यामुळे. डबक्यात किंवा उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे ते आधीच निघून जातं. डंख झालाच तर पाय सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवा आणि दवाखान्यात न्या. उष्णतेने वेदना बऱ्याच कमी होतात, थर्मास त्यासाठी. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर बघायचं, कारण दुखण्याच्या भरात मुलाला पोळलेलं कळत नाही. मॅन ऑफ वॉरचे दोरे चिकटले तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिमट्याने दोरे काढा, मग गरम पाणी. डांबराचे गोळे पायाला लागले तर खोबरेल तेलाने निघतात, रॉकेल नको.

दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस हे प्रमाण मोडू नका. माणूस कमी आला तर मुलं कमी न्या.

कचरा

मोजणीच्या दिवशीच भरतीरेषेवरचा 100 मीटरचा पट्टा धरा आणि कचरा नगांत मोजा, किलोत नाही. वजनात ओली वाळू भरलेलं एक जाळं शंभर बाटल्यांना हरवतं आणि दर महिन्याचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. बाटल्या, झाकणं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, जाळ्याचे तुकडे, चपला, काच, इतर, एवढे रकाने बास. वाळलेलं शेवाळ आणि ओंडके उचलायचे नाहीत. त्याखाली खेकडे आणि किडे राहतात आणि पक्षी तिथेच चरतात. कालवांत अडकलेलं जाळं ओढू नका, कात्रीने सुटं होईल तेवढं कापा.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये पुळणीवर कासवाच्या वल्ह्यासारख्या पायांचा दुहेरी माग दिसला तर तो पुसू नका आणि घरटं शोधायला वाळू उकरू नका. वनविभागाला 1926 वर कळवा. जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि तो सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला भरपाई मिळते. महाराष्ट्रात ही योजना 2018 पासून आहे आणि तिची रक्कम 25,000 रुपयांपर्यंत असते. त्यासाठी कापलेल्या जाळ्याचे आणि प्राणी सोडतानाचे फोटो लागतात. कोळीवाड्यातल्या मुलांना हे सांगितलं की ते त्याच संध्याकाळी घरी पोचतं.

परतल्यावर

त्याच दिवशी, आंघोळीच्या आधी जमलं तर उत्तम, तक्ते वहीत उतरवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ओला कागद आणि आठवण दोन्ही विरघळतात. दर मोजणीला एक चौकट दोन गटांनी एकमेकांचं न बघता मोजावी. फरक पाचव्या भागाहून जास्त आला तर पुन्हा चिंचोके.

आकडे फळ्यावर स्तंभांत काढा. पहिल्याच वर्षी मुलं विचारतील की ऑक्टोबरात हिरवंगार असलेलं खडप मार्चमध्ये उघडं कसं पडलं, प्रदूषण झालं का. बहुतेक वेळा नाही. पावसाळ्यानंतर शेवाळ दाटतं आणि उन्हाळ्याकडे जाताना जळतं, वाळूही काही दगड झाकते आणि पुन्हा उघडे करते. म्हणून ऑक्टोबरची तुलना पुढच्या ऑक्टोबरशीच करायची. दोन महिन्यांच्या आकड्यांवरून "खडप मरतंय" अशी बातमी कुणी छापायला मागितली तर देऊ नका. जून ते सप्टेंबर खाली उतरायचं नाही. तेव्हा वही पक्की करायची आणि मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणायचं की पूर्वी कालवं कुठपर्यंत लागत.

वर्ष भरलं की वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे. जैविक विविधता कायदा, 2002 नुसार ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही करणं तिचं काम आहे. बऱ्याच किनारी गावांच्या नोंदवहीत झाडं, पक्षी, गुरं सगळं असतं आणि समुद्र एका पानात उरकलेला असतो. तुमची पंधरा चौकटींची पानं तिथे जोडून घ्या, ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून पोच घ्या. उद्या तिथे जेट्टी किंवा बंधारा आला आणि "इथे होतंच काय" असं कुणी विचारलं तर तारीखवार आकडे आणि फोटो असलेला कागद गावाकडे असेल.

नववीची मुलं पुढे निघून जातात, त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये सातवीच्या पाच मुलांना चौकट बनवायला लावा, जुनी शाबूत असली तरी.